एक वाटी साखर, चार वाट्या पाणी: अमेरिकेतल्या अंगणात हमिंगबर्ड यावेत म्हणून

उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी हे भांडं घासणार कोण? हमिंगबर्डचा फीडर विकत घेण्याआधी घरात हा प्रश्न मिटवून टाका. फीडर टांगायला पाच मिनिटं लागतात, साखरपाणी करायला दहा. खरं काम पुढचं: एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत न चुकता तो उतरवायचा, उघडायचा, ब्रशने घासायचा आणि पुन्हा भरायचा. जेमतेम तीन ग्रॅमचा हा पक्षी आंबलेलं, बुरशी आलेलं पाणी पिऊन आजारी पडतो. त्यापेक्षा त्याला फीडर न मिळालेला बरा. घासणं जमणार नसेल, तर फीडरचा भाग सोडून थेट झाडांच्या भागाकडे जा.

हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात. पुण्या-नाशकाच्या बागेत जास्वंदीवर लोंबकळणारा चिमुकला चमकदार पक्षी म्हणजे शिंजीर. तो वेगळ्याच कुळातला आहे. त्याच्यासाठी बाटली टांगू नका. हॅमेलिया आणि जास्वंद लावा, तेवढं पुरतं. पुढचं सगळं अमेरिकेत अंगण किंवा बाल्कनी असलेल्यांसाठी आहे.

तुमच्याकडे कोण येतो, कधी येतो

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटी करणारा एकच हमिंगबर्ड आहे, रूबी-थ्रोटेड. नराचा गळा उन्हात माणकासारखा लाल दिसतो, सावलीत काळा. मादीचा गळा पांढरट असतो. हिवाळ्यात तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत असतो. वसंतात परतताना यातले बरेच पक्षी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर आहे.

फीडर पक्ष्यांच्या आधी आठवडाभर लागलेला असावा. ह्यूस्टनला मार्चच्या सुरुवातीला, डॅलसला मार्चच्या मध्याला, अटलांटा आणि नॉर्थ कॅरोलायनात मार्चच्या उत्तरार्धात. न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कच्या दक्षिण भागात १५ एप्रिलच्या आसपास, शिकागो आणि डेट्रॉइटला त्यानंतर आठवड्याभराने. नर आधी येतात, माद्या मागून. मे महिन्यात माद्या अंड्यांवर बसल्या की फीडरवरची वर्दळ एकदम कमी होते. ‘आमचे पक्षी गेले’ म्हणून तेव्हा फीडर उतरवू नका. जुलैत पिल्लं उडायला लागली की त्याच फीडरवर रांग लागते.

बे एरिया, लॉस एंजेलिस, पोर्टलंड, सिएटल इथला हिशोब वेगळा आहे. तिथला ॲनाज हमिंगबर्ड बाराही महिने राहतो, त्यामुळे फीडरलाही सुट्टी नाही. वसंतात तिथून विटकरी रंगाचा रूफस जातो, अलास्काच्या वाटेवर. तो अंगाने लहान आणि स्वभावाने भांडकुदळ असतो. दोन दिवसांचा पाहुणा असला तरी घरच्या ॲनाजला फीडरवरून हुसकावून लावतो.

साखरपाणी

माप एकच: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. भाग वजनाचे नव्हेत, आकारमानाचे. म्हणजे स्वयंपाकघरातली कुठलीही वाटी घ्या, एक वाटी सपाट भरून साखर आणि त्याच वाटीने चार वाट्या पाणी. अमेरिकन मापाने हे सुमारे २०० ग्रॅम साखर आणि ९५० मिलिलिटर पाणी होतं. पण पहिल्यांदा इतकं करूच नका. पाव वाटी साखर आणि एक वाटी पाणी एवढ्याने सुरुवात करा.

पाणी कोमट करून साखर ढवळली की ती विरघळते. उकळणं सक्तीचं नाही, मात्र एक उकळी दिली तर उरलेलं पाणी फ्रिजमध्ये जास्त टिकतं. उकळायचं असेल तर पाणी मोजून, साखर घालून, एक-दोन मिनिटांत गॅस बंद करा. पाक करायचा नाही. पाणी आटलं की प्रमाण बिघडतं. पूर्ण गार झाल्यावरच फीडरमध्ये ओता. उरलेलं झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतं. बाटलीवर तारीख घाला, नाहीतर घरातलं कुणीतरी लिंबू सरबतात ओतेल.

साखर साधी पांढरी, दाणेदार. आपल्या घरांत नेमकी इथेच गडबड होते, कारण डब्यांच्या फळीवर ‘जास्त पौष्टिक’ असं बरंच काही असतं. गूळ नको, ब्राउन शुगर नको, खांडसारी नको, ‘रॉ’ किंवा ‘ऑरगॅनिक’ लिहिलेली फिकट तपकिरी साखरही नको. त्यांत मळी उरलेली असते आणि मळीबरोबर लोह येतं. आपल्याला ते हवं असतं, या पक्ष्याच्या शरीराला ते झेपत नाही. मध तर अजिबात नको. पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नस्टार्च घातलेला असतो. साखरेऐवजी वापरायच्या मधुमेहींच्या गोड गोळ्यांमध्ये उष्मांकच नसतात. पक्षी पोटभर पिईल आणि उपाशी राहील.

लाल रंगही घालू नका. फुलातला मध रंगहीन असतो. पक्ष्याला बोलवायला फीडरचं लाल प्लास्टिक पुरेसं आहे. दुकानात मिळणाऱ्या लाल पाण्याच्या बाटलीत पैसे जातात ते रंगाचे. गुलाबाचं सरबत पातळ करून भरण्याची कल्पनाही याच कारणाने मनातून काढून टाका.

साखर वाढवल्याने पक्षी वाढत नाहीत. एकास चार हे प्रमाण या पक्ष्यांच्या आवडत्या फुलांतल्या मधाच्या जवळपासचं आहे. घट्ट पाणी लवकर चिकटतं आणि गांधीलमाश्या ओढतं. पातळ केलं तर पक्ष्याला तेवढ्याच ताकदीसाठी जास्त प्यावं लागतं.

फीडर कोणता घ्यावा

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एक उलट्या बाटलीचा: वर बाटली, खाली तबकडी. दुसरा बशीसारखा: खाली पसरट वाटी, वर भोकं असलेलं झाकण. पहिल्यांदा घेत असाल तर बशीचाच घ्या, कारणं तीन.

पहिलं, तो गळत नाही. उलट्या बाटलीत पाण्याच्या वर हवा कोंडलेली असते. उन्हाने ती प्रसरण पावते आणि पाणी खालच्या भोकांतून बाहेर ढकलते. बाटली अर्धी रिकामी झाली की गळती आणखी वाढते. खाली थेंब पडले की मुंग्या, मग गांधीलमाश्या. दुसरं, बशीत पाण्याची पातळी भोकापासून खाली असते. हमिंगबर्डची जीभ चोचीच्या बाहेर लांब जाते. तिला टोकाशी दोन फाटे असतात आणि ती सेकंदाला डझनभर वेळा पाण्यात बुडवून तो पाणी उचलतो. त्याला सेंटिमीटरभर खोल पाणी सहज मिळतं, माशीला पोहोचत नाही. तिसरं कारण सगळ्यांत मोठं: बशी पूर्ण उघडते आणि हात आत जातो. काचेची नक्षीदार, अरुंद गळ्याची बाटली दिसते सुंदर, पण तिच्या खांद्यातली बुरशी कुठल्याही ब्रशला निघत नाही.

आकार लहान घ्या, ८ ते १२ औंस, म्हणजे २४० ते ३५० मिलिलिटर. तोही निम्माच भरा. दोन दिवसांत संपेल तेवढंच ओतायचं. उरलेलं फेकायचंच असतं. भोकांभोवती पिवळी फुलं किंवा पिवळ्या जाळ्या असतील तर तो फीडर टाळा, कारण मधमाश्या आणि गांधीलमाश्यांना पिवळा रंग ओढतो. बसायला दांडी असलेला बरा. पक्षी बसून पितो तेव्हा तुम्हालाही तो नीट दिसतो.

कुठे टांगायचा

सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा. उंची साधारण पाच फूट, म्हणजे उतरवायला स्टूल लागणार नाही. स्टूल लागलं की धुणं टळतं. झुडूप किंवा झाड १० ते १५ फुटांवर असावं. पक्षी तिथल्या बारीक सुक्या फांदीवर बसून फीडरवर पहारा देतो. फीडर अगदी झुडपाला चिकटून नको, तिथे मांजर दबा धरून बसतं.

खिडकीचा नियम ऐकायला उलटा वाटतो. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत तरी हवा, नाहीतर ३० फुटांच्या पलीकडे. काचेजवळून उडालेला पक्षी वेग घेण्याआधीच काचेला लागतो, त्यामुळे सहसा वाचतो. दहा-पंधरा फुटांवरून निघालेला पूर्ण वेगात आदळतो. मोठ्या काचेवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. एखाद-दुसरं शोभेचं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो.

अपार्टमेंटच्या बाल्कनीत टांगणार असाल तर आधी भाडेकरार वाचा. बऱ्याच ठिकाणी पक्ष्यांच्या दाण्यांना मनाई असते आणि फीडर त्यातच धरला जातो. गळणारा फीडर असेल तर खालच्या मजल्याशी संबंध बिघडायला एक आठवडा पुरतो.

धुण्याचं वेळापत्रक

पाणी कधी बदलायचं ते तापमानावर ठरतं. दिवसाचं तापमान ९० फॅरनहाइटच्या (३२ सेल्सियस) वर गेलं की रोज. ८० ते ९० असेल तर दोन दिवसांनी, ७०च्या घरात तीन दिवसांनी, त्याखाली आठवड्यातून दोनदा. पक्ष्याने थेंबही प्यायला नसला तरी हेच वेळापत्रक. पाणी जरा जरी गढूळ दिसलं, फेस आला किंवा आंबूस वास आला, तर दिवस मोजत बसू नका; लगेच ओतून द्या. नुसतं वरून ताजं पाणी घालणं म्हणजे आंबलेल्याला विरजण लावणं.

दर वेळी फीडरचे सगळे भाग सुटे करा, कडक गरम पाणी आणि ब्रश घ्या. भोकांसाठी स्ट्रॉ धुण्याचा बारीक ब्रश लागतो. साबणाची सहसा गरज पडत नाही. वापरलाच तर इतकं खंगाळा की वासही उरू नये. पांढरा थर धरला असेल तर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा. काळे ठिपके दिसले म्हणजे बुरशी. तिच्यासाठी एक गॅलन पाण्यात पाव कप ब्लीच, तासभर भिजवणं, घासणं, वाहत्या पाण्याखाली भरपूर खंगाळणं आणि पूर्ण वाळवणं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एकसारखे दोन फीडर घेऊन ठेवले तर हे सगळं सोपं जातं. एक बाहेर, एक ओट्यावर वाळत.

झाडं

फीडर म्हणजे नुसती साखर. पक्षी जगतो ती फुलं आणि बारीक किडे या दोन्हींवर. पिल्लांना तर आई मुख्यतः किडे आणि कोळीच भरवते. म्हणून बागेतला क्रम असा लावा: आधी झाडं, मग फीडर, आणि कीटकनाशक नाहीच. माव्यावर मारलेलं औषध पिल्लांच्या ताटातलं अन्न संपवतं. कोळ्याची जाळीही झाडून काढू नका. मादी घरटं विणते ते कोळ्याच्याच धाग्याने. त्यामुळे पिल्लं वाढतात तसं घरटंही ताणतं.

पूर्वेकडच्या बागेत एप्रिल ते ऑक्टोबर फुलांची साखळी न तुटणं महत्त्वाचं. सुरुवात लाल-पिवळ्या देशी कोलंबाइनने, ती एप्रिल-मेमध्ये फुलते आणि अर्ध्या सावलीत तगते. त्याच सुमाराला कोरल हनीसकलचा वेल सुरू होतो. हा वेल घेताना नर्सरीत चिठ्ठी नीट वाचा. जपानी हनीसकलचा वास छान असतो, पण तो अमेरिकेच्या पूर्व भागात रानभर पसरलेला उपद्रवी वेल आहे. कोरल हनीसकलच्या फुलाला वास नसतो, नळी लांब आणि लाल असते.

जून-जुलैला बी बाम. तुळशीच्या कुळातलं हे झाड, पान चुरडलं तर लगेच ओळखू येतं. त्याला भुरी फार लागते. ‘जेकब क्लाइन’ ही लाल जात त्यातल्या त्यात टिकते, आणि दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवून हवा खेळती राहिली तर बरंच निभावतं. जुलै ते सप्टेंबर कार्डिनल फ्लॉवर. त्याचा लाल रंग लांबून दिसतो, पण माती सतत ओलसर लागते. गच्चीच्या पन्हळीचं पाणी पडतं ती जागा त्याला द्या. कोरड्या वाफ्यात लावून ‘जगत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरला ओढ्याकाठी आपोआप उगवतो ज्यूएलवीड. हा आपल्या तेरड्याचा सख्खा भाऊबंद, एकाच वंशातला. त्याची पिकलेली शेंगही बोट लागताच तशीच फट्दिशी फुटते. बहुतेक लोक तण म्हणून तो उपटतात. दक्षिणेकडे निघण्याआधी रूबी-थ्रोटेड अंगावर चरबी चढवत असतो, तेव्हा हीच फुलं त्याच्या कामी येतात. कोपऱ्यात असतील तर राहू द्या. शेवटच्या टप्प्याला पाइनॲपल सेज आहे, सप्टेंबरनंतर फुलणारी.

ट्रम्पेट क्रीपर लावण्याचा मोह होईल. त्याची फुलं हमिंगबर्डला खरोखर आवडतात. पण हा वेल लाकडी भिंतीत, कौलांत, शेजाऱ्याच्या कुंपणात शिरतो आणि मुळांतून वीस-वीस फुटांवर उगवतो. मोकळी जमीन आणि घरापासून दूर मंडप असेल तरच लावा.

कॅलिफोर्नियात सेजचं राज्य. सावलीत हमिंगबर्ड सेज, उन्हात क्लीव्हलंड सेज, आणि सगळं सुकून जातं त्या ऑगस्ट-ऑक्टोबरात कॅलिफोर्निया फ्यूशिया. जानेवारीत बाकी काही फुललेलं नसताना फ्यूशिया-फ्लॉवर्ड गूजबेरी ॲनाजला सांभाळते. मात्र तिला काटे आहेत, पायवाटेला लावू नका. टेक्सस आणि फ्लोरिडात हॅमेलिया लावा. महाराष्ट्रात रस्त्यांच्या दुभाजकांवरही दिसणारं हे झाड मूळचं इकडचंच. कर्दळही तशीच, मूळची अमेरिकेची, आणि तिच्यावरही हमिंगबर्ड येतात.

बाल्कनीवाल्यांनी १२ इंची दोन कुंड्या घ्याव्यात. एकीत सॅल्व्हिया ‘लेडी इन रेड’, दुसरीत सॅल्व्हिया ‘ब्लॅक अँड ब्लू’. सहा तास ऊन, वाळलेले तुरे खुडत राहणं, एवढं पुरतं. पेटुनिया आणि दुहेरी पाकळ्यांची फुलं डोळ्याला भरतात, पण दुहेरी जातींत मध नसल्यात जमा असतो.

एक फुकटचा उपाय: केळ्याची सालं जाळीच्या पिशवीत घालून फीडरपासून लांब, झाडात टांगा. दोन दिवसांत चिलटं जमतात आणि मादी ती हवेतल्या हवेत टिपते. अस्वलांच्या भागात राहत असाल तर मात्र हा उपाय नको. तिथे फीडरसुद्धा रात्री आत घ्यावा लागतो.

काय बिघडतं

*कोणीच येत नाही.* पहिल्या वर्षी हे चालतं. फीडरला लाल रिबन बांधा, जवळ लाल फुलांची कुंडी ठेवा, आणि पाणी बदलत राहा. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात पाणी बदलायचं सोडतात आणि पक्षी नेमका आंबलेलं चाखून जातो.

*मुंग्या.* फीडरच्या वर टांगायची पाण्याची वाटी मिळते, तिच्यात साधं पाणी भरून ठेवा. दूध-तुपाचं भांडं परातीतल्या पाण्यात ठेवायची जुनी युक्ती, फक्त उलटी टांगलेली. तारेला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. पिसांना लागलं तर पक्ष्याला ते काढता येत नाही.

*गांधीलमाश्या.* ऑगस्टमध्ये त्या येणारच. आधी गळती थांबवा. मग फीडर दहा-पंधरा फूट हलवा; पक्षी लगेच शोधतो, माश्यांना वेळ लागतो. फवारा नको.

*एक नर बाकीच्यांना येऊ देत नाही.* तो दिसेल त्या फीडरची राखण करतो. दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या नजरेआड टांगा. शेजारी शेजारी चार टांगले तरी तो चारही राखायला बघतो.

*फीडरवर हिरवा नाकतोडा.* तो बहुधा नाकतोडा नसून खंडोबाचा किडा असतो, म्हणजे प्रार्थनाकीटक. मोठा असेल तर हमिंगबर्ड पकडून खातो. काठीने उचलून बागेच्या दुसऱ्या टोकाला सोडा.

*पहाटे पक्षी फीडरला उलटा लटकलेला, हलत नाही.* मेला असं समजू नका. थंड रात्री शक्ती वाचवायला तो शरीराचं तापमान खूप खाली आणतो आणि जवळजवळ निश्चल होतो. हात लावू नका. ऊन आलं की पंख थरथरतात आणि तो उडून जातो.

*गॅरेजमध्ये अडकला.* दाराच्या वरच्या यंत्राला लोंबणारी लाल मूठ त्याला फूल वाटते. आत शिरल्यावर तो वर-वरच उडत राहतो आणि खालचं दार त्याला दिसत नाही. आतले दिवे बंद करा, दार पूर्ण उघडा, उंबऱ्यावर फीडर किंवा लाल फुलांची कुंडी ठेवा आणि लांब व्हा. मग त्या मुठीला काळी टेप गुंडाळा.

*काचेला आदळला.* बुटाच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, झाकण लावा, शांत अंधाऱ्या जागी तासभर. पाणी पाजायला चोच उघडू नका. तासाभराने खोकं बाहेर नेऊन उघडा. उडाला नाही तर जवळच्या वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा.

*घरटं सापडलं.* अर्ध्या अक्रोडाएवढं, वरून दगडफूल चिकटवलेलं, आत दोन अंडी. हात लावू नका, फांदी कापू नका. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने अंडी आणि वापरातलं घरटं यांना संरक्षण आहे. ॲनाज डिसेंबरातच घरटं करायला लागतो, म्हणून कॅलिफोर्नियातल्या हिवाळी छाटणीआधी प्रत्येक फांदी निरखून बघा.

फीडर कधी काढायचा

‘फीडर ठेवला तर पक्षी थंडीत अडकून पडतात’ हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तसं होत नाही. स्थलांतराची वेळ दिवस लहान होण्यावर ठरते, तुमच्या साखरेवर नाही. न्यू जर्सीत नर ऑगस्टमध्येच निघायला लागतात. सप्टेंबरअखेर फीडरवर दिसतात ते बहुधा उत्तरेकडून उतरलेले, त्याच वर्षीचे तरुण पक्षी. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे फीडर राहू द्या, मग ब्लीचने धुऊन, वाळवून, सुटे भाग एका पिशवीत घालून ठेवा.

पश्चिमेकडे, जिथे ॲनाज थंडीतही असतो, तिथे पारा शून्य सेल्सियसखाली जाणार असेल तर फीडर रात्री आत घ्या आणि पहाटे उजाडण्याआधी बाहेर टांगा. रात्रभर उपाशी राहिलेल्या पक्ष्याला पहिला घोट त्याच वेळी लागतो. गोठू नये म्हणून साखर वाढवण्याऐवजी दोन फीडरची अदलाबदल करा.

आणि पूर्वेकडे नोव्हेंबरात, सगळं आवरून झाल्यावर, एखादा हमिंगबर्ड रिकाम्या आकड्याभोवती घिरट्या घालताना दिसला, तर तो कदाचित तुमचा रूबी-थ्रोटेड नसेल. पश्चिमेचा रूफस कधीकधी असा वाट सोडून येतो. फोटो काढा, शेपटीवर विटकरी रंग आहे का बघा, आणि फीडर पुन्हा बाहेर काढा.